गर्भारपणातील लैंगिक आरोग्य

गर्भधारणेपासून प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत स्त्रीच्या लैंगिक जीवनाशी निगडित असलेल्या शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याला गर्भारपणातील लैंगिक आरोग्य असे म्हणतात. शरीरसंबंधांची सुरक्षितता, इच्छेतील चढउतार, लैंगिक संसर्गांपासून संरक्षण, पती-पत्नींमधील संवाद, स्त्रीची संमती आणि प्रसूतीनंतरचे गर्भनिरोधन हे विषय या संज्ञेत येतात. बहुतेक गर्भवतींच्या मनात याविषयी प्रश्न असतात, परंतु संकोचामुळे त्या विचारत नाहीत आणि तपासणीच्या गर्दीत आरोग्यसेवकही स्वतःहून बोलत नाहीत. हे अंतर भरून काढण्याचे मुख्य साधन म्हणजे शिक्षण व समुपदेशन. प्रस्तुत लेखात विषयाची सर्वसाधारण माहिती देऊन महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

व्याख्या व व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार लैंगिक आरोग्य म्हणजे रोगाचा वा दुर्बलतेचा निव्वळ अभाव नव्हे. लैंगिकतेच्या संदर्भातील शारीरिक, भावनिक, मानसिक व सामाजिक सुस्थितीचा त्यात अंतर्भाव होतो, आणि सक्ती, भेदभाव व हिंसा यांपासून मुक्तता ही त्याची अट आहे. १९९४ साली कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रजनन आरोग्याच्या व्याख्येत लैंगिक आरोग्याचा समावेश केला. तोपर्यंत लोकसंख्या नियंत्रणावर असलेला भर त्यानंतर स्त्रीच्या हक्कांकडे व आरोग्याकडे वळू लागला.

गर्भवतीच्या सेवेत मात्र हा भाग दीर्घकाळ उपेक्षित राहिला. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या यांची नोंद काटेकोरपणे होते. लैंगिक जीवनाविषयीचा प्रश्न मात्र नोंदीच्या रकान्यात नसल्याने विचारलाच जात नाही.

गर्भारपणातील बदल

शारीरिक बदल

गर्भधारणेनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते. ओटीपोटाकडील रक्तपुरवठा वाढल्याने योनी व गर्भाशयमुख अधिक रक्ताळ व नाजूक होतात. स्तन जड व हुळहुळे बनतात. पांढरा, पातळ, वास नसलेला स्राव वाढतो व तो स्वाभाविक असतो.

लैंगिक इच्छेत होणारे बदल व्यक्तीगणिक भिन्न असले तरी त्यांचा एक सर्वसाधारण क्रम आढळतो. पहिल्या तिमाहीत मळमळ, उलट्या, थकवा व गर्भपाताची भीती यांमुळे इच्छा बहुधा कमी होते. दुसऱ्या तिमाहीत मळमळ ओसरते, उत्साह परततो व काही स्त्रियांची इच्छा वाढते. तिसऱ्या तिमाहीत पोटाचा आकार, पाठदुखी, झोपेचा अभाव व प्रसूतीची चिंता यांमुळे ती पुन्हा घटते. विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चढउतारांचे निरीक्षण नोंदवले होते. नंतरच्या अभ्यासांत दुसऱ्या तिमाहीबाबत एकवाक्यता नाही. शेवटच्या तिमाहीतील घट मात्र जवळजवळ सर्वत्र आढळते.

मानसिक बदल

बदलत्या शरीराविषयीची अस्वस्थता, आधीच्या गर्भपाताची आठवण, मुलगा व्हावा असा कुटुंबाचा दबाव, आर्थिक काळजी, पती दुरावेल ही भीती इत्यादी गोष्टी इच्छेवर परिणाम करतात. पतीच्या मनातही बाळाला इजा होईल अशी धास्ती असू शकते. ती धास्ती न बोलल्याने तो दूर राहतो, पत्नी त्याचा अर्थ नकार असा लावते आणि दोघांत विनाकारण दुरावा निर्माण होतो. समुपदेशकांच्या दृष्टीने हा नेहमी आढळणारा व थोड्या संवादाने सुटणारा प्रश्न आहे.

शरीरसंबंध : सुरक्षितता व मर्यादा

गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात शरीरसंबंध सुरक्षित असतात, असे आधुनिक प्रसूतिशास्त्राचे मत आहे. गर्भ गर्भजलाने भरलेल्या पाणमोटेत असतो. त्याभोवती गर्भाशयाची जाड स्नायूभित्ती असते आणि गर्भाशयमुखाशी चिकट श्लेष्म्याचे बूच तयार झालेले असते. त्यामुळे बाळाला धक्का पोहोचत नाही. निरोगी गर्भारपणात संबंधांमुळे गर्भपात होतो वा दिवस भरण्याआधी प्रसूती होते, असा पुरावा नाही. पहिल्या तिमाहीतील बहुसंख्य गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषांमुळे होतात, स्त्रीच्या वा तिच्या पतीच्या वागण्यामुळे नव्हे. गर्भपात झालेल्या स्त्रीला दोष देण्याची प्रवृत्ती सर्वत्र असल्याने ही माहिती कुटुंबाला सांगणे आवश्यक ठरते.

संबंधांनंतर पोटात थोडा वेळ हलका आवळ जाणवणे स्वाभाविक आहे. गर्भाशयमुख नाजूक झाल्यामुळे रक्ताचा एखादा डाग दिसू शकतो. तो बहुधा निरुपद्रवी असला तरी डॉक्टरांना सांगावा. सुमारे विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाच्या भाराने पाठीकडील मोठी नीला दाबली जाऊन चक्कर येऊ शकते. म्हणून कुशीवरची वा पोटावर भार न येणारी स्थिती योग्य मानली जाते. योनीत हवा फुंकणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण हवेचा बुडबुडा रक्तप्रवाहात शिरल्यास जीवाला धोका संभवतो.

पुढील परिस्थितीत डॉक्टर संबंध टाळण्याचा सल्ला देतात :

- वार गर्भाशयमुखावर वा त्याच्या अगदी जवळ असणे (वार खाली असणे)
- योनीवाटे रक्तस्राव होणे व त्याचे कारण न समजणे
- पाणमोट फुटून अंगावरून पाणी जाणे
- दिवस भरण्याआधी कळा सुरू होणे वा तशी लक्षणे असणे
- गर्भाशयमुख अशक्त असणे, किंवा त्याला टाका घातलेला असणे

असा सल्ला देताना तो किती काळासाठी व नेमका कशासाठी आहे हे स्पष्ट करणे महत्त्वाचे असते. ‘जपून राहा’ एवढेच सांगितल्यास काही दांपत्ये पुढील सर्व महिने भीतीत काढतात, तर काही त्याकडे दुर्लक्ष करतात. संबंध वर्ज्य असले तरी स्पर्श, जवळीक व आपुलकीचे बोलणे वर्ज्य नसते, हेही सांगावे लागते.

संसर्ग व तपासण्या

गर्भारपणात झालेला लैंगिक संसर्ग बाळापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून सिफिलिस (उपदंश, बोलीत गरमी), एचआयव्ही व हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या पहिल्याच भेटीत करणे अपेक्षित आहे. उपचार न झालेल्या सिफिलिसमुळे गर्भपात, मृतजन्म किंवा बाळास जन्मजात रोग होऊ शकतो. बेन्झाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने तो बरा होतो. एचआयव्हीबाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण उपचारांअभावी १५ ते ४५ टक्के असते, तर योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. एकाला संसर्ग आढळल्यास जोडीदारावरही उपचार करावे लागतात, अन्यथा संसर्ग परत होतो. अशा वेळी, तसेच जोडीदाराला संसर्गाचा धोका असल्यास, गर्भारपणातही निरोध वापरावा. दिवस गेल्यावर निरोधाची गरज संपते हा समज अपुरा आहे.

स्रावाला दुर्गंधी येणे, दह्यासारखा घट्ट स्राव व खाज, लघवीला जळजळ, गुप्तांगावर फोड वा जखम, संबंधांच्या वेळी वेदना ही लक्षणे आढळल्यास तपासणी आवश्यक असते. ग्रामीण स्त्रिया ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढेच सांगतात. त्यातील स्वाभाविक स्राव व आजार यांतील फरक विचारपूस करूनच समजतो.

प्रचलित समजुती

महाराष्ट्रात गर्भवतीला ‘दोन जिवांची’ म्हणतात. तिच्या खाण्यापिण्याचे डोहाळे कौतुकाने पुरवले जातात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते. परंतु तिच्या लैंगिक जीवनाविषयी घरात कुणी बोलत नाही. या मौनात पुढील समजुती टिकून राहतात :

- संबंधांमुळे बाळाच्या अंगाला व्यंग येते. हे खरे नाही. व्यंगाची कारणे जनुकीय दोष, काही औषधे, काही संसर्ग, फॉलिक आम्लाची कमतरता इत्यादी आहेत.
- शेवटच्या महिन्यात संबंध ठेवल्यास प्रसूती हमखास सुलभ होते. याला खात्रीलायक आधार नाही आणि या समजुतीचा वापर स्त्रीवर सक्ती करण्यासाठी होता कामा नये.
- गर्भवतीला इच्छा होणे गैर आहे. इच्छा होणे वा न होणे हे दोन्ही स्वाभाविक आहे.
- पत्नी गर्भवती असताना पुरुषाने बाहेर संबंध ठेवणे क्षम्य आहे. यातून आई व बाळ दोघांनाही संसर्गाचा धोका उद्भवतो.

आयुर्वेदात सुश्रुतसंहितेने गर्भिणीसाठी व्यायामाप्रमाणेच मैथुनही वर्ज्य सांगितले आहे. गर्भसंस्काराच्या आजच्या वर्गांतूनही असा उपदेश केला जातो. एखाद्या दांपत्याने श्रद्धेने संयम पाळल्यास त्यात आरोग्याची हानी नाही. तो निर्णय दोघांचा असावा आणि भीतीपोटी घेतलेला नसावा, अशी समुपदेशनाची भूमिका असते.

शिक्षण व समुपदेशन

शिक्षण म्हणजे सर्वांना लागू असणारी माहिती देणे. समुपदेशनात विशिष्ट व्यक्तीचे ऐकून घेऊन तिला स्वतःचा निर्णय घेण्यास साहाय्य केले जाते. शिक्षण गटात देता येते, समुपदेशनाला एकांत लागतो. दोहोंची गल्लत झाल्यास गटात खाजगी प्रश्न विचारले जातात व स्त्रिया गप्प होतात.

चार पायऱ्यांची पद्धत

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ साली मांडलेली ‘प्लिसिट’ पद्धत या क्षेत्रात सर्वाधिक परिचित आहे. तिच्या चार पायऱ्या अशा :

१. परवानगी – विषय काढण्याची मोकळीक देणे. उदाहरणार्थ, ‘या दिवसांत नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल पुष्कळ जणींना शंका असतात, तुम्हाला काही विचारायचे आहे का?’
२. मर्यादित माहिती – विचारलेल्या शंकेपुरती अचूक माहिती देणे.
३. नेमक्या सूचना – त्या दांपत्याच्या अडचणीनुसार उपाय सुचवणे.
४. सखोल उपचार – आवश्यक तेव्हा प्रसूतितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ वा लैंगिक समस्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवणे.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी विशेष पदवीची गरज नसते. प्रशिक्षित परिचारिका, आरोग्यसेविका वा आशा त्या पार पाडू शकतात. बहुसंख्य स्त्रियांची गरज तेवढ्यावरच भागते. इराण व तुर्कस्तान येथे या पद्धतीने गर्भवतींना समुपदेशन देऊन अभ्यास झाले आहेत.

भाषा व एकांत

पाठ्यपुस्तकातील ‘योनिमार्ग’, ‘संभोग’ हे शब्द अनेक स्त्रियांना परके वाटतात. त्या गर्भाशयाला ‘पिशवी’, गर्भाशय खाली सरकण्याला ‘अंग बाहेर येणे’, संबंधांना ‘जवळ येणे’ म्हणतात. समुपदेशकाने प्रथम स्त्रीचा शब्द वापरावा आणि मग शास्त्रीय शब्दाची ओळख करून द्यावी. शब्द मिळाल्याखेरीज तक्रार मांडता येत नाही, म्हणून शब्दांची ओळख हाही शिक्षणाचाच भाग ठरतो. तपासणीला बहुधा सासू वा नणंद सोबत असते. वजन वा रक्तदाब घेण्याच्या निमित्ताने काही मिनिटे स्त्रीशी एकटीने बोलणे हा साधा व परिणामकारक उपाय आहे.

पतीचा सहभाग

पतीला माहिती मिळाल्यास भीती व गैरसमज दोन्ही कमी होतात. मात्र त्याला बोलावण्यापूर्वी स्त्रीची संमती घ्यावी लागते. घरात हिंसा असल्यास संयुक्त समुपदेशन तिला अधिक असुरक्षित करू शकते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मराठीत लैंगिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. या कार्यापायी कर्वे यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले व वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली. हे मराठीतील लेखी समुपदेशनच होते. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाच्या सोयी देण्याविषयीचा ठराव मांडण्यात आला, पण तो फेटाळला गेला. शकुंतला परांजपे यांनी पुण्यात कुटुंबनियोजनाचे कार्य केले. पुढील काळात डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ हे पुस्तक मराठी दांपत्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर वाचले गेले.

ग्रामीण स्त्रियांच्या दृष्टीने डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास निर्णायक ठरला. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले, पण पूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. स्त्रिया सांगत नाहीत याचा अर्थ त्यांना त्रास नाही असा होत नाही, हे या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवले. पुणे जिल्ह्यात, बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ (मासूम) ही संस्था १९८७ पासून कार्यरत आहे. गावातील स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण देणे व स्वतःच्या शरीराची ओळख करून देणे हे तिच्या कामाचे वैशिष्ट्य आहे.

बारामती व इंदापूर तालुके

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील शेजारचे तालुके होत. बारामतीतून कऱ्हा नदी वाहते. इंदापूर तालुका नीरा व भीमा या नद्यांच्या दरम्यान असून त्यांचा संगम नीरा-नरसिंहपूर येथे होतो. कालव्यांच्या पाण्यावर वाढलेली ऊसशेती, सहकारी साखर कारखाने, दुग्धव्यवसाय व बारामतीची औद्योगिक वसाहत यांमुळे हा भाग सधन मानला जातो. तथापि गर्भवतींच्या परिस्थितीत येथे मोठी तफावत आहे. एकीकडे शहरात खाजगी प्रसूतितज्ज्ञाकडे नियमित जाणारी पदवीधर स्त्री, तर दुसरीकडे उसाच्या फडात मोळ्या वाहणारी गर्भवती, अशी दोन टोके एकाच गावाच्या शिवारात दिसतात.

सेवायंत्रणा

गावपातळीवर आशा, अंगणवाडी सेविका व उपकेंद्रातील आरोग्यसेविका, त्यावर जिल्हा परिषदेची प्राथमिक आरोग्य केंद्रे, आणि पुढे ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये अशी शासकीय सेवेची उतरंड आहे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली सुरू झाले. त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत डॉक्टरांकडून गर्भवतींची तपासणी होते. एचआयव्हीसाठीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक असतो. किशोरवयीनांसाठी राज्यात ‘मैत्री’ क्लिनिके चालवली जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांत होतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक गर्भवती कधी ना कधी आरोग्यसेवकासमोर येते. यंत्रणेशी भेट होते, संवाद होईलच असे नाही. गावातील ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन आणि ९ तारखेचे शिबिर या दोन प्रसंगी प्रतीक्षेचा वेळ गटशिक्षणासाठी वापरता येतो.

ऊसतोड कामगार स्त्रिया

साखरेचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. माळेगाव, सोमेश्वरनगर (बारामती) व भवानीनगर (इंदापूर) येथील कारखान्यांच्या परिसरात या काळात बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातून तोडणी कामगार येतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या कामातून फेडायची असते आणि एक दिवस काम बुडाल्यास ‘खाडा’ पडतो. त्यामुळे दिवस भरत आले तरी स्त्री फडात जाते. जोडपी कोपीत राहतात. तेथे आडोसा, न्हाणीघर व शौचालय यांचा अभाव असतो. पहाटेपूर्वी सुरू होणारे काम, अपुरे पाणी व मासिक पाळीतील गैरसोय यांमुळे मूत्रमार्गाचे व योनीचे संसर्ग वाढतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला व राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. साध्या उपचारांनी बरा होणारा पांढऱ्या स्रावाचा त्रास ‘पिशवी काढा’ या सल्ल्यापर्यंत कसा जातो, हे या प्रश्नातून दिसले.

अशा स्त्रीला ‘विश्रांती घ्या’, ‘संबंध टाळा’ असे सांगणे पुरेसे नसते, कारण यांपैकी कोणतीही गोष्ट तिच्या एकटीच्या हातात नसते. तिचे समुपदेशन कोपीवर, संध्याकाळी कामानंतर व शक्य तेथे पतीसह करावे लागते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवल्यास मूळ गावातील नोंद येथे पुढे चालवता येते.

माहेर व सासर

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा येथेही आहे. सातव्या वा आठव्या महिन्यात गर्भवती माहेरी जाते व बाळ काही महिन्यांचे होईपर्यंत तेथेच राहते. यामुळे तिला विश्रांती व आईचा आधार लाभतो आणि संबंधांचा प्रश्न आपोआप मागे पडतो. परंतु समुपदेशनाची साखळी तुटते. सासरच्या आशाने सुरू केलेला संवाद माहेरच्या आशाला ठाऊक नसतो आणि पती सासरी असल्याने तो कोणाच्याच संपर्कात नसतो. सासरी परतल्यावर गर्भनिरोधनाची कोणतीही तयारी नसताना दुसरी गर्भधारणा होण्याचा धोका यातून संभवतो. म्हणून माहेरी जाण्यापूर्वीच्या शेवटच्या तपासणीत प्रसूतीनंतरचे नियोजन दोघांशी बोलणे उपयुक्त ठरते.

संमती, हिंसा व कायदा

गर्भारपणात स्त्रीला नकार देण्याचा अधिकार इतर वेळेइतकाच असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादानुसार अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेले सक्तीचे संबंध बलात्काराच्या व्याख्येत येत नाहीत. मात्र कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश असून त्याखाली पत्नीला संरक्षण मागता येते. पोटावर लाथ मारणे, आजारपणात सक्ती करणे, मुलीचा गर्भ असावा या संशयाने छळणे या तक्रारी समुपदेशकाकडे प्रथम येऊ शकतात. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे.

वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या व विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. स्त्रीचे नाव गुप्त राखणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला आणि या कायद्यापुरता वैवाहिक बलात्काराचाही विचार केला. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

अठरा वर्षांखालील गर्भवतीचा प्रश्न विशेष नाजूक आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार (२०१२) अशा प्रकरणाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. या भीतीने मुलगी दवाखान्यातच न आणण्याचा धोका असतो, म्हणून उपचार नाकारला जाणार नाही याची खात्री कुटुंबाला प्रथम द्यावी लागते.

प्रसूतीनंतर

प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबून जखमा भरेपर्यंत, साधारणतः चार ते सहा आठवडे, संबंध टाळण्याचा सल्ला दिला जातो. परंपरेतील सव्वा महिन्याचा काळ याच्याशी जुळतो. टाके दुखणे, स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन कमी झाल्याने येणारा कोरडेपणा, जागरण व बाळाची काळजी यांमुळे त्यानंतरही इच्छा कमी असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, रडू येणे, बाळाविषयी अलिप्तता ही प्रसूतीपश्चात नैराश्याची लक्षणे असून त्यांवर उपचार आहेत.

पाळी परत येण्याआधीही गर्भधारणा होऊ शकते. बाळ सहा महिन्यांच्या आतील असणे, दिवसरात्र केवळ अंगावरचे दूध दिले जाणे व पाळी सुरू न होणे या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तरच स्तनपानाचे संरक्षण मिळते. शासकीय केंद्रांत निरोध, प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येणारी तांबी, ‘छाया’ गोळ्या व ‘अंतरा’ इंजेक्शन विनामूल्य मिळतात. स्तनपान करणाऱ्या स्त्रीला अंतरा सहा आठवड्यांनंतर देतात. जन्मानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. संस्थेत प्रसूती झाल्यास आशा तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. या भेटी बाळासाठी असल्या तरी मातेशी बोलण्याची ती उत्तम संधी असते.

अडचणी

समुपदेशनासाठी स्वतंत्र खोलीचा अभाव, गर्दीमुळे मिळणारा अपुरा वेळ, आरोग्यसेवकांचा स्वतःचा संकोच, प्रशिक्षणातील त्रुटी व पुरुष कार्यकर्त्यांची कमतरता या प्रमुख अडचणी आहेत. गावातील आशा ही बहुधा नात्यातली वा शेजारची असल्याने तिच्याविषयी विश्वास असतो, परंतु बातमी फुटेल ही भीतीही असते. म्हणून गोपनीयतेची हमी शब्दांत देणे व ती पाळणे हा या सेवेचा पाया मानला जातो. अपंग, विधवा, परित्यक्ता व अविवाहित गर्भवतींना तर प्रश्न विचारण्याआधीच न्यायनिवाड्याला सामोरे जावे लागते. त्यांना इतरांइतकीच माहिती मिळणे हा सेवेच्या दर्जाचा निकष ठरतो.

हेही पाहा

- रघुनाथ धोंडो कर्वे
- समाजस्वास्थ्य (मासिक)
- राणी बंग
- आशा (आरोग्य कार्यकर्ती)
- कुटुंबनियोजन
- बारामती तालुका
- इंदापूर तालुका